कोंबड्याची जाग

डेपोत त्याला सगळे कोंबडा म्हणत. सकाळची पहिली बस त्याची, आणि अख्ख्या नोकरीत त्याला एकदाही उशीर झाला नव्हता. तेही घरात गजराचं घड्याळ नसताना. "गजर माणसाला लागतो, कोंबड्याला नाही," असं नव्या ड्रायव्हरांना ऐकवून तो मिशीवर ताव द्यायचा.

खरा कोंबडा त्याच्या शेजारी झोपतो, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. लेक तान्ही असताना तिला पाजायला पहाटे उठावं लागे. लेक मोठी झाली, सासरी गेली, पण आईची झोप त्या वेळेला मोडायची ती मोडायचीच. मग ती आपला गारठलेला तळपाय नवऱ्याच्या पोटरीला लावी आणि स्वतः घोरण्याचं सोंग करी. तो दचकून उठे, "आली बघ जाग आपोआप!" असं पुटपुटत आंघोळीला जाई.

तिला हसू यायचं, आणि मायाही. माणसाला एखादी तरी फुशारकी हवी की नको? बढती कधी मिळाली नाही, पगार बेताचाच. एवढं एक त्याच्यापाशी होतं, ते कशाला हिरावून घ्या!

पण आता लेकीचे दिवस भरत आले होते. आईला तिच्याकडे महिनाभर तरी जावं लागणार, आणि इकडे सकाळपाळीच्या नर्सा थांब्यावर पहिल्या बसची वाट बघत ताटकळणार. इतकी वर्षं झाकलेली मूठ आता उघडी पडणार, याचीच तिला धास्ती होती. "गजराचं घड्याळ आणू का?" तिने एकदा विचारून पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. तिने जणू म्हातारपणाची काठीच पुढे केली होती.

मग तिने गुपचूप शिकवणी सुरू केली. रात्रीचा चहा बंद झाला, जेवण लवकर, दिवे लवकर. पूर्वेच्या खिडकीचा पडदा धुवायला निघाला तो परत लागलाच नाही.

"पडदा कुठे गेला?"

"वाळतोय."

"आठवडाभर?"

"जाड आहे."

आणि मुख्य म्हणजे तिने पाय आवरला. पहाटे ती डोळे मिटून पडून राही. ऊठ रे बाबा, ऊठ. तो ढिम्म. वेळ सरत जाई आणि शेवटी न राहवून ती पाय लावी. तो ताडकन उठे आणि पारोसाच, शर्टाची बटणं लावत पळे. दिवसा गप्प गप्प असे. बढाया तर बंदच झाल्या. त्याला आपलं वय कळू लागलंय, असं वाटून तिचं पोट तुटे.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र तिने ठरवलं, आज काहीही होवो, पाय लावायचा नाही. खिडकीत फटफटलं. तो हललासुद्धा नाही. तिला रडूच फुटलं, उशीत तोंड खुपसून ती मुसमुसू लागली.

"रडतेस कशाला?" आवाजात झोपेचा मागमूस नव्हता.

ती उठून बसली. "तुम्ही जागे आहात?"

"कधीचा. रोजच असतो."

"मग उठत का नाही? बस जाईल ना!"

"पाय कुठे लागलाय अजून?"

तिने स्वतःच्या पायाकडे बघितलं.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" तो छताकडे बघत म्हणाला. "मला तुझ्या आधी जाग येते, कित्येक वर्षं झाली. मग पडून राहतो. तुझा पाय येतो, तेव्हा माझा दिवस सुरू होतो. हल्ली तू तो उशिरा उशिरा लावायला लागलीस, आणि आज तर लावलाच नाहीस. वाटलं, कसला तरी राग आलाय. विचारायचा धीर होईना."

"अहो, मी तुम्हाला उठायला शिकवत होते!"

"कोणाला? कोंबड्याला?"

रडता रडता तिला हसू आलं. "मग महिनाभर काय करणार?"

"उठेन की. उठायला काय लागतं?" त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "नुसतं उठायचं. एवढंच."

ती पुन्हा आडवी झाली आणि तिने हळूच पाय लावला. तो खोटं खोटं दचकला. "आली बघ जाग," म्हणाला, आणि तसाच पडून राहिला.

त्या सकाळी कोंबड्याला पहिल्यांदा उशीर झाला. डेपोत साहेबांनी कारण विचारलं, थांब्यावर नर्सांनी विचारलं. सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, "बायको उद्या गावाला चाललीय."