फक्कीचे बाण

रंजनाबाई पळायच्या, पण सगळ्यांच्या मागून. नंदुरबारात त्यांचं ब्लाउज शिवण्याचं दुकान होतं. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा शेजारच्या मोहिनीने त्यांना ओढतच ‘रविवारची पळापळ’ मंडळात नेलं. मोहिनीचे गुडघे दुखायचे, त्यामुळे मागे राहायला दोघी एकमेकींना सोबत झाल्या.

या मंडळाची तऱ्हा वेगळी होती. दर रविवारी नवी वाट. एकाने ती आदल्या दिवशी कुणाला न सांगता आखून ठेवायची आणि बाकीच्यांनी शोधत शोधत पळायची. कबड्डीच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की थोडी थोडी टाकत जायचं. बाण म्हणजे वाट बरोबर. फुली म्हणजे फसलात, मागे फिरा. आणि गोल दिसला की तिथून वाट कुठेही फुटलेली असू शकते. मग चहूकडे पांगायचं आणि ज्याला खरी वाट मिळेल त्याने “सापडलीऽ” म्हणून हाळी द्यायची. पुढे पळणाऱ्यांनी हेलपाटे घालावेत, तोवर मागच्यांनी त्यांना गाठावं, असा त्यातला बेत.

पण वाटा आखायचे तेही चपळ पायांचेच. औषधांच्या दुकानातल्या योगेंद्रने आखलेली वाट तर बंदुकीच्या गोळीसारखी सरळ जायची. रंजनाबाई आणि मोहिनी गोलापाशी पोचेपर्यंत तिथे नुसती धूळ उरलेली असे.

डिसेंबरात वाट आखायची पाळी रंजनाबाईंवर आली. मंडळ सुरू करणारे राजेंद्र सर शाळेत खेळ शिकवायचे. ते म्हणाले, “ताई, सोपी आखा. दोन किलोमीटर पुष्कळ झालं.”

रंजनाबाईंनी मान डोलावली आणि दुकानात जाऊन माप कापायचा खाकी कागद पसरला. धानोरा त्यांचं माहेर. कापूस वेचत लहानपण गेलेलं, तिथला बांध न् बांध त्यांच्या पायाखालचा. खडूने त्यांनी पाच किलोमीटरची वाट काढली आणि तिच्यावर सहा गोल टाकले. मनाशी एकच ठरवलं होतं, की शेवटच्या गोलापर्यंत कुणी मागे राहता कामा नये. म्हणून ज्याला पळायची घाई, त्याच्यासाठी लांबलचक खोट्या वाटा. एक टेकाडावर जाणारी. दुसरी त्यांचे चुलतभाऊ रेवजीआप्पा यांच्या मिरचीच्या पथारीवर, जिथे वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचा ठसका भल्याभल्यांना माघारी धाडतो. काढताना त्या एकट्याच हसल्या.

शनिवारी दुपारी त्या फक्कीची पिशवी घेऊन बांधाबांधाने हिंडल्या. वाट गुपित ठेवायची, म्हणून कुणी विचारलं तरी “सकाळ समजी”, उद्या कळेल, एवढंच सांगत राहिल्या. वाट संपल्यावर ज्यांच्या खळ्यावर जेवायचं होतं, त्या रेवजीआप्पांखेरीज गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि घोळ झाला तो इथेच.

रविवारी सकाळी धानोऱ्याच्या शाळेपुढून सव्वीस जण सुटले. रंजनाबाई मधल्या पायवाटेने पुढे गेल्या, शेवटच्या गोलाकडे नजर टाकावी म्हणून. तिथे पोचल्या आणि त्यांचं धाबंच दणाणलं. गोल नाही, बाण नाहीत. त्यांची सगळी फक्की कुणीतरी खराट्याने झाडून टाकली होती, आणि तिच्या जागी चुन्याचे हे जाडजूड बाण भलतीकडे, गायरानाकडे वळवले होते. शेजारी चुन्याची बादली घेऊन एक म्हातारबा पहाऱ्याला बसले होते. सुकलालनाना. वावर त्यांचंच.

“नाना, हाई कोनी करं?”

“मी करं!” नाना ताडकन उठले. “मन्हा वावरमाईन रस्ता जावाव नही. गायरान सरकारनं शे, तठून काढा तुमना रस्ता!”

रंजनाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. पांढऱ्या खुणा, पिशवी घेऊन हिंडणारी बाई, वर तोंडाला कुलूप. रस्त्यासाठी सरकारी मोजणी आली असंच कुणालाही वाटणार.

“ओ नाना, रस्ता कसाना? हाई ते पयाना खेय शे! सव्वीस मानसं यी ऱ्हायनात, ह्या खुना देखी देखी पयतंस.”

“कसाले?”

“गंमत म्हनीसन!”

नाना एकदम खांद्यावरच्या रुमालात तोंड घालून हसू लागले. “आनि मी बादलीभर चुना वाया घाला! कालपाईन मले घास गोड लागना नही!”

तेवढ्यात पथारीच्या बाजूने शिंकांचा गलका उठला. एकामागून एक, सात-आठ जणांच्या. म्हणजे योगेंद्र आणि चपळ मंडळी फसून माघारी फिरली होती. पाच-दहा मिनिटांत सगळे इथे येऊन धडकणार, नानांच्या बाणांमागे गायरानात जाणार, आणि पुढे नाल्यापाशी खुणाच संपलेल्या.

रंजनाबाईंनी क्षणभर कपाळ धरलं. मग पिशवीत हात घालून नानांच्या पहिल्याच बाणावर मोठा गोल ओढला.

“नाना, तुमनं गायरान आपन खोटी वाट करी टाकूत. नालापान जाईसन फुली मारशात?”

“फुली?”

“म्हंजे फसनात, मांगे फिरा!”

नानांचे डोळे चमकले. “आनि तू कोठे जास?”

“तुमना वावरमाईन जाऊ का?”

“जाय माय, बिनधास जाय! फक्त कपाशीले धक्का लागू देऊ नको.” एवढं बोलून सत्तरीचे नाना बादली हिंदकळत गायरानाकडे धावत सुटलेसुद्धा.

रंजनाबाईंनी पदर खोचला आणि पळाल्या. कपाशीच्या दोन ओळींमधून, पाटाच्या कडेने, फक्की टाकत. आजवर त्या कुणाच्या तरी मागे पळत आल्या होत्या. आज सव्वीस जण त्यांच्या मागे होते, आणि थांबून चालणार नव्हतं. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, केसांत कपाशीची पानं अडकली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. तरी मध्येच त्यांना हसू फुटलं आणि हसता हसताच त्यांनी पुढचा बाण ओढला.

मागे गोलापाशी मंडळी येऊन ठेपली. योगेंद्र नेहमीच्या सवयीने जाड बाणांमागे गायरानात घुसला, त्याच्या मागे दहा जण. नाल्यापाशी फुलीशेजारी सुकलालनाना कमरेवर हात ठेवून उभे होते.

“फसनात!” ते जीव तोडून ओरडले. “मांगे फिरा!”

त्याच सुमारास मोहिनी गुडघा धरून गोलापाशी टेकली होती. समोर कपाशीच्या ओळीत तिला पांढरं काहीतरी दिसलं. वाकून बघते तर बाण! तिने अशी हाळी दिली, की रेवजीआप्पांच्या खळ्यावर त्याच क्षणी पोचलेल्या रंजनाबाईंनाही ती स्पष्ट ऐकू आली. “सापडलीऽ! ए, मले सापडली!”

थोड्याच वेळात कपाशीतून सगळे एकाच घोळक्याने बाहेर पडले. पुढचे कोण नि मागचे कोण, ओळखू येत नव्हतं. योगेंद्र मोहिनीच्या मागे होता आणि अजून शिंकत होता. राजेंद्र सर धापा टाकत म्हणाले, “ताई, दोन किलोमीटर म्हणालो होतो ना मी?”

“मोजायचं राहून गेलं, सर,” रंजनाबाई म्हणाल्या.

खळ्यावर भरताचा खमंग वास सुटला होता. पुऱ्या तळल्या जात होत्या. मंडळी पंगतीला बसली तोच बांधावरून पाच शेतकरी तरातरा येताना दिसले. सगळ्यांत पुढे थोराड बांध्याचे जालमसिंगनाना, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला सातबारा. पंगतीत बसलेल्या सुकलालनानांनी जीभ चावली. काल संध्याकाळी त्यांनीच फोन करून या सगळ्यांना, मोजणी अडवायला या म्हणून कळवलं होतं आणि आजच्या धांदलीत ते साफ विसरले होते.

“साहेब कोन शे?” जालमसिंगनानांनी दरडावून विचारलं.

पंगतीतली सव्वीस बोटं एकदम रंजनाबाईंकडे वळली. त्यांच्या एका हातात भरताची परात होती, दुसऱ्या हातात डाव, आणि नाकावर फक्की.

“मीच शे,” त्या म्हणाल्या. “बसा आधी. ऊन ऊन खाई ल्या, मंग भांडा.”

जालमसिंगनानांनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा सुकलालनानांकडे. मग खाली बसून सातबारा मांडीखाली नीट दाबून ठेवला आणि पत्रावळ पुढे ओढली.