रविवारची अंडी

तडकलेली दोन बाजूला काढल्यावर अंडी सेहेचाळीस उरली. अर्पितानं ती आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर आठ-आठच्या रांगांत मांडली. शेवटच्या रांगेत सहा आली. मग एकेक उचलून तिनं काट्यावर ठेवलं. बहुतेक चाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरली. कुठलं लांबट, कुठलं गोल, एक तर लिंबाएवढंच. चौदा मात्र पंचावन्नच्या आसपास, एका मापाची, एका रंगाची. त्या चौदांवर तिनं पेन्सिलीनं 'ज' लिहिलं. जनकाबाईचा ज.

“जनकाबाईच्या कोंबड्या बदाम खाऊन राह्यल्या का काय?” इंद्रभानकाका दारातून म्हणाले. ते चर्चच्या मंडळीचे खजिनदार. काटा त्यांच्याच किराणा दुकानातला होता आणि तो न्यायला ते आले होते. “सातच्या सात बरोब्बर रविवारी घालतात म्हणे. माही एक हाय, तिचा नेम सोमवारचा. देवाले पत्ताच लागू देत नाही.”

“सेहेचाळीस झाली, काका. बत्तीस पिल्लं धरा.”

“बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी,” काका म्हणाले आणि काटा काखेत मारून निघून गेले.

डोणगावच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारी कोंबडीनं घातलेलं अंडं घरात शिजत नसे. ते देवाचं. उपासनेला येताना बायका ते पदराआड घेऊन येत, वेदीपुढच्या टोपलीत ठेवत आणि उपासना संपली की तिथंच पायरीवर त्यांचा लिलाव होई. त्या पैशांत दरवर्षी थोडी भर घालून मंडळी नाताळानंतर सेवाफेरीला जायची. एक जीप, एक डोळ्यांचे डॉक्टर, औषधांचं खोकं आणि चिखलदऱ्याच्या पलीकडचं एक कोरकू आदिवासींचं गाव. पण गेल्या काही वर्षांत घरं कमी झाली. कुणी पुण्याला गेलं, कुणी संभाजीनगरला. मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसं जास्त होती आणि दानाच्या थैलीत नाणी जास्त.

या वर्षी जीप आणि चष्मे मिळून जेवढं लागत होतं, त्यात तीन हजार कमी पडत होते. अर्पितानं शिकवण्या घेऊन मिळवलेले पैसे त्यात आधीच गेलेले होते. नोव्हेंबरअखेर जमले नाहीत, तर असलेली रक्कम प्रार्थनामंदिराच्या गळक्या पत्र्यांना लावायची, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं. पत्रे खरोखरच गळत होते, त्यामुळे कुणाला दोषही देता येत नव्हता.

तेव्हा अर्पिता बैठकीत उठून उभी राहिली होती. तिनं प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, आणि गावात त्या पदवीचा तोवर कुणाला काही उपयोग झालेला नव्हता. दोन रविवारांची अंडी लिलावाला काढू नका, ती म्हणाली, मला द्या. अंडं विकलं तर बारा रुपये, उबवून महिन्याचं पिल्लू केलं तर शंभर. मेहकरचा एक माणूस घ्यायला तयार आहे. नीट उबवली तर शंभरातल्या सत्तर अंड्यांतून पिल्लं निघतात. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. टोपली रिकामी ठेवून तिला अंडी देणं त्यांना जड गेलं, पण दिली.

एवढं पुढं होण्याचं कारण तिनं बैठकीत सांगितलं नव्हतं. मागच्या फेरीत डॉक्टर डोळे तपासत होते आणि भिंगांची चौकट लोकांच्या नाकावर चढवण्याचं काम अर्पिताकडं होतं. एका म्हातारीच्या डोळ्यांवर तिनं ती चढवली, डॉक्टरांनी भिंगं बदलली, आणि म्हातारीनं समोरचा तक्ता सोडून आपला तळहात पाहिला. मग दुसरा. मग अर्पिताचं तोंड. तिला ती चौकट काढू द्यायची नव्हती. रांग खोळंबली होती. शेवटी अर्पितानंच तिच्या कानांवरून ती सोडवली आणि म्हणाली, पुढच्या नाताळात तुमची तुम्हाला आणून देते. म्हातारीला मराठी फारसं येत नव्हतं. नातवानं समजावून सांगितल्यावर तिनं मान हलवली होती.

झाकणात काच बसवलेलं थर्माकोलचं खोकं, दोन बल्ब, ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट, वाटीभर पाणी. आत साडेसदतीस अंश. अर्पिता दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या आणि काचेतून डोकावून जायच्या. जनकाबाई रोज यायची.

“खुडूक कोंबडी बसवली असती तं काय बिघडलं असतं वं? तिले काय लाईटचं बिल येते?”

“एका कोंबडीखाली बाराच मावतात, आजी. तुमची हाय का एखादी खुडूक?”

“पाहीन,” जनकाबाई म्हणाली आणि आपली 'ज' असलेली अंडी बोटानं मोजू लागली.

सातव्या दिवशी भर दुपारी अर्पितानं खिडकीवर गोधडी टांगली, पुठ्ठ्याला भोक पाडून मागे मोबाइलचा टॉर्च धरला आणि एकेक अंडं त्या भोकावर टेकवलं. पहिल्याच अंड्यात मधोमध काळा ठिपका होता आणि त्याच्यापासून चहूकडं लाल शिरा पसरल्या होत्या, कोळी पाय ताणून बसावा तशा. ठिपका हलला.

'ज' सोडून उरलेल्या बत्तीसांपैकी तेवीस जिवंत होती. नऊ वाया गेली होती. ते हिशेबाबाहेरचं नव्हतं.

मग तिनं 'ज'ची घेतली. पहिलं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. आत नुसता पिवळा बलक सावलीसारखा डुलत होता. चौदाही संपल्यावर तिनं उलट्या क्रमानं पुन्हा सगळी पाहिली. शिरेचा एक धागाही कुठं नव्हता. शेवटचं अंडं तिच्या घामेजल्या बोटांत फिरलं आणि बोटाला तांबूस रंग लागला. तिनं फडकं ओलं करून ते पुसलं. खालचं कवच पांढरंशुभ्र होतं. फडक्याला चहाचा वास येत होता.

जनकाबाई ओट्यावर सोयाबीनचा सरवा पाखडत बसली होती. शेतं निघाल्यावर मागे पडलेल्या शेंगा वेचून तिनं पायलीभर दाणे जमवले होते.

“कोंबड्या दिसत नाहीत, आजी?”

“चरायले गेल्या असतीन.”

खुराड्याचं दार उघडं होतं आणि आत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, पार छतापर्यंत. अर्पिता तिकडं पाहत राहिली. जनकाबाईनं सूप खाली ठेवलं.

“मानमोडी आली वं. पोळ्याच्या आंधीच. एकीनं मान टाकली, तं आठ दिवसात साऱ्याईनंच टाकली.”

“मंग अंडी?”

“इकत घेतली. बाजारातून. निराधारचे पैसे आले होते.” ती दाण्यांतले खडे वेचू लागली. “पंधरा रुपयाले एक. अस्सल गावरान हाय म्हणे, कोंबड्यासंग राह्यलेल्या कोंबडीचं. म्या इकणाऱ्याले दोनदा इचारलं.”

अर्पिता ओट्याच्या कडेला टेकली.

“कोनाले सांगजो नोको, पोरी. माहे मालक, मास्तर, होते तवापासून माहा एक रविवार खाली गेला नाही. अन् या साली तं तुह्या मशीनले पाह्यजे होती.” तिनं वर पाहिलं. “रविवारची नाहीत, एवढंच खोटं. निघतीन ना त्याईच्यातून?”

अर्पिताला उत्तर आकड्यासकट माहीत होतं.

“अजून दिवस हायत, आजी,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं वाया गेलेली नऊ अंडी उकिरड्यात पुरली. 'ज'ची चौदा टाकायला उचलली आणि परत खोक्याच्या कडेला ठेवली. पेन्सिलीची खूण दिसेल अशी. उरलेली सगळी फुटली तरी पिल्लं तेवीसच. दुसरी खेप लावायला कोणाकडं अंडीही नव्हती आणि नोव्हेंबरअखेरच्या आत तिचा उपयोगही नव्हता. तिनं वाटीत पाणी भरलं आणि झाकण लावलं.

पंधराव्या दिवशी गावातली विजेची डीपी जळाली.

मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि अर्धं गाव बंद पडलं. वायरमननं खांबाखाली उभं राहून वर पाहिलं आणि चार दिवस तरी लागतील म्हणाला. गावातले इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत बसले. मंदिरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बसलेली होती. अर्पितानं खोक्याभोवती गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या. बाटलीलगतची अंडी चटका बसण्याइतकी तापायची, कोपऱ्यातली गार पडायची. एक बाटली फुटून पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर एकतीसवर होता.

ती बराच वेळ त्या आकड्याकडं पाहत बसली. मग तिनं 'ज'ची चौदा अंडी बाहेर काढली. पातेल्यात पाणी तापवलं, बोट जेमतेम धरवेल इतकं, आणि ती त्यात सोडली. तापली की पुसून जिवंत अंड्यांच्या मधेमधे एकेक ठेवायची, झाकण लावायचं, निवली की पुन्हा पाण्यात. अंड्याला अंडं नीट चिकटून बसत होतं आणि ऊब सावकाश सोडत होतं. तासाभरात पारा दीड अंश चढला.

दुपारी जनकाबाई आली. खांद्यावर मास्तरांची घोंगडी होती.

“हे गुंडाळ वरून. लय गरम हाय, मास्तर पौषात...” ती थांबली. पातेल्यात अंडी होती. पाण्यानं कवचांचा रंग सुटून पातेलं चहासारखं झालं होतं, आणि पांढऱ्या पडलेल्या अंड्यांवर पेन्सिलीचं अक्षर तेवढं राहिलं होतं.

“माही हायत ना थे?”

“हो, आजी.”

“उकडून राह्यली?”

“नाही. गरम करून बाकीच्याईत ठेवते. त्याईले ऊब पाह्यजे.”

जनकाबाई पातेल्याकडं पाहत राहिली. “अन् ह्याईले नाही पाह्यजे?”

अर्पितानं हातातलं अंडं पुसून खोक्यात ठेवलं.

“एकातही काही नाही?”

“एकातही नाही, आजी. फार्मची हायत. रंगवलेली.”

जनकाबाईनं घोंगडी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावरच बसली. बाहेर कोणीतरी डीपीच्या वर्गणीसाठी घरोघर हाका देत फिरत होतं.

“त्यानं मले फसवलं,” जनकाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “म्या देवाले.”

“आजी, डीपी जळाली म्हणून...”

“मले माहीत हाय काऊन जळाली थे.”

“तसं नसते, आजी. तारेवर आकडे टाकले होते लोकाईनं, लोड आला.”

“हाव. लोडच आला.” तिनं पातेल्यात हात घातला. “पाणी निवलं. कढत आन.”

अर्पितानं चुलीवरचं पाणी आणून ओतलं. जनकाबाईनं मनगटावर थेंब घेऊन पाहिला, जसा तान्ह्या लेकराच्या दुधाचा पाहतात, आणि एकेक अंडं काढून, पदरानं टिपून अर्पिताच्या हातात देऊ लागली. चौदावं दिल्यावर तिनं खोक्याकडं हनुवटी केली.

“किती झालं?”

“चौतीस.”

“किती पाह्यजे?”

“साडेसदतीस.”

जनकाबाईनं घोंगडी अंगाखालून ओढून काढली, खोक्यावर घातली, चारी बाजूंनी दाबली. मग पुन्हा पातेल्यापाशी येऊन बसली. अंधार पडेस्तोवर त्यांनी ती चौदा अंडी कितीदा आत-बाहेर केली ते अर्पितानं मोजलं नाही. पारा छत्तीसच्या वर एकदाही गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जनकाबाई पुन्हा आली, स्वतःच्या घरचं सरपण घेऊन. ते संपलं तेव्हा खुराड्यातल्या पऱ्हाट्याही आल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली. खोक्यातले बल्ब लागले आणि पारा हळूहळू जागेवर गेला. अर्पितानं 'ज'ची अंडी बाहेर काढली. जनकाबाई त्या दिवशी ती आपल्याबरोबर घेऊन गेली. कुठं टाकली, तिनं सांगितलं नाही. त्या रविवारी ती उपासनेला आली आणि नेहमीच्या पुढच्या सतरंजीवर न बसता दाराजवळ बसली.

एकविसाव्या दिवशी खोक्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. अर्पितानं झाकण उघडलं नाही. बाविसाव्या दिवशीही ती काचेतूनच पाहत राहिली. तेविसाव्या दिवशी सकाळी इंद्रभानकाका आले. या वेळी ते दारात थांबले नाहीत, आत येऊन स्टुलावर बसले.

“काय म्हणते?”

“पाहू आता,” अर्पिता म्हणाली.

काकांनी चष्मा काढून पुसला. थट्टेचं काहीतरी त्यांच्या तोंडाशी आलं असावं, पण ते म्हणाले, “पत्रेवाल्याचा फोन होता. म्या त्याले काही बोललो नाही अजून.”

“आज बोला, काका.”

तिनं झाकण काढलं. जी अंडी फुटली नव्हती ती एकेक उचलून कानाशी धरली, हलक्या हातानं ठोकून पाहिली, मग काठावरून फोडली. पिल्लं आत पूर्ण वाढलेली होती, पिसं आलेली, चोच कवचाकडं वळलेली. तिनं ती कागदावर ओळीनं ठेवली आणि मोजली. वीस.

कोपऱ्यात बल्बखाली तीन उभी होती.