पाणकणसातली फिरकी

तळं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खोल, काळंभोर पाणी येत असेल. ते आधी पुसून टाका. आता असं तळं आणा, की मधोमध उभं राहिलात तरी पाणी तुमच्या गुडघ्याच्या वर जायचं नाही. ताटलीत ओतल्यासारखं पसरट. त्यात शेकाटे लांब लाल पाय उचलत खुशाल हिंडताहेत, टिबुकल्या बुडी मारून भलतीकडेच वर येताहेत. काठाने सात किलोमीटरची पायवाट, आणि वाटेवर अकरा थांबे. प्रत्येक थांब्यावर एक दगड, दगडावर पांढऱ्या रंगात आकडा. दिसलं? छान. आता सकाळची वेळ आहे, आभाळ भरून आलंय, आणि वाटेवरून दोघी चालल्यात. पुढे आजी, मागे तिची दहा वर्षांची नात. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी असलेली अजून कुणी पाहिलेली नाही.

आजी दरवर्षी या तळ्यावरचे पक्षी मोजायची. मोजणीचा नियम सोपा होता, पाळायला मात्र अवघड. थांब्यावर बसायचं, दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रत्येकाने आपापलं मोजायचं, आपापल्या कागदावर लिहायचं. पेन्सिल खाली ठेवल्यावरच बोलायचं.

"मधेच का नाही बोलायचं?" भिंगरीने पहिल्याच थांब्यावर विचारलं होतं.

"तू 'बारा बदकं' म्हणालीस की मलाही बाराच दिसायला लागतात. माणसाचे डोळे फार भिडस्त असतात बाई."

आजीचे कान मात्र भिडस्त नव्हते. टेलिफोनच्या ऑफिसात तिने तेहतीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं होतं. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, कानाला हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची, आणि त्याला सर्दी झालीय की त्याचं घरी वाजलंय, हेही. आजोबा म्हणायचे, "हिच्या कानाखालून मुंगीसुद्धा चोरपावलांनी जायची नाही."

आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी दुकान बंद ठेवून दोघं इथे यायची. असेच एकदा, लग्नाला दोन वर्षं झाली असतील, सातव्या थांब्यावर डबा उघडून बसली होती. समोर पाण्यात उगवलेल्या पाणकणसाच्या गवताचं दाट बेट, माणसाहून उंच. आतून आवाज आला. सायकल हातात धरून चाललं की मागचं चाक बारीक, न संपणारी किरकिर करतं ना, अगदी तसा. आजोबांनी मान वळवली आणि कपाळाला हात लावला. "रविवारीसुद्धा गिऱ्हाईक पाठ सोडत नाही बघ!"

सायकल कुठेच नव्हती. तासभर दोघं दबा धरून बसली, तेव्हा कुठे एक मळकट, अंगठ्याएवढं पाखरू कणसाच्या दांड्यावर चढलं, त्याने चोच उघडली आणि तीच किरकिर सुरू केली. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. आजोबांनी 'फिरकी' ठेवलं, आणि तळ्याच्या राखणदारापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

फिरकी दिसत नाही. एवढ्या वर्षांत आजीला ती मोजून चार वेळा दिसली. ती मोजायची ती कानांनीच. म्हणून सातवा थांबा आजीचा. तिथे दुसऱ्या कुणी बसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या कागदांवर सहा, पाच, एका वर्षी चक्क नऊ असे आकडे होते. आजोबा गेले त्या वर्षी चार. मग दोन. मग एक. आणि गेली तीन वर्षं शून्य. धनी गेला तशी त्याची फिरकीही गेली, असं आजीच्या मनाने घेतलं होतं.

यंदाच्या मोजणीवर एक गोष्ट अडकली होती. राखणदाराने निघतानाच सांगितलं होतं, "मावशी, यंदाही शून्य आलं तर वरून बेट कापायचा हुकूम निघणार. तिथे होड्यांचा धक्का करायचा म्हणतात. मी किती दिवस अडवू? पाखरूच नाही तर बेट कुणासाठी ठेवायचं, असं विचारतात."

सहा थांबे झाले. भिंगरीने चांदव्याला बदक म्हटलं, पाणकावळ्याला "पंख वाळत घातलेला कावळा" म्हटलं, आणि ते आजीला इतकं आवडलं की तिने कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

सातवा थांबा आला. आजी दगडाला टेकून बसली, डोळे मिटले. वारा पाणकणसातून सळसळत गेला. लांब एक चांदवा खाकरला. पाणी दगडाला चुबुक करून लागलं. आजी वाट पाहत राहिली. दहा मिनिटं इतकी लांब असतात हे तिला याच जागी कळायचं. शेवटी तिने पेन्सिल घेतली आणि अगदी लहान शून्य काढलं, कुणाच्या नजरेला पडू नये इतकं लहान. पेन्सिल खाली ठेवली.

"हुश्श!" भिंगरी उठून उडीच मारायला लागली. "आजी, तो किडा किती ओरडतो गं! दमत कसा नाही?"

"कुठला किडा?"

"तो काय, आत. अजून चालूच आहे. मी लिहिला नाही, आपण पक्षीच मोजतोय ना?"

आजीने तिच्याकडे बघितलं. "कसा ओरडतो? करून दाखव."

भिंगरीने जीभ टाळूला लावली आणि बारीक, लांबच लांब किरकिर काढली. श्वास संपेपर्यंत. आजी दगडापासून पुढे सरकली.

"आत्ता चालू आहे?"

"हो."

आजीने दोन्ही तळवे कानांमागे धरले. वारा. पाणी. चांदवा.

"आत्ता?"

"आत्ता थांबला. हां, परत लागला. त्या वाकड्या कणसापाशी. आणि एक तिकडे, लांब. दोन आहेत गं. आजी, तुला खरंच येत नाहीये ऐकू?"

आजीचे तळवे कानांमागून खाली आले. भिंगरीने बुटाच्या टोकाने माती उकरली. मग हळूच म्हणाली, "ताप बघायचं थर्मामीटर पिप्‌ पिप्‌ करतं, तेही तुला येत नाही. तू काखेत तसंच धरून बसतेस. मी आईला म्हटलं, तर आई म्हणाली, आजीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

बोलणं तर सगळं येतं, आजीच्या मनात आलं. वारा येतो, दारावरची थाप येते. फक्त वरच्या पट्टीतलं, बारीक तेवढंच कधी गळून गेलं कोण जाणे. चार, दोन, एक. फिरकी कमी होत नव्हती. ती इथेच बसून तेच गाणं म्हणत होती, आणि समोर बसून आजी तिला नाही म्हणत होती.

तिने शून्य खोडलं. शेजारी दोन लिहिलं. बेट वाचवायला तेवढं पुरे होतं. 'फिरकी परत आली' असं सांगितलं की राखणदार खूश, वरचे साहेब खूश. मागच्या तीन शून्यांना हात लावायचीही गरज नाही.

भिंगरी कागदावर वाकली होती. "म्हणजे तो किडा नाही, फिरकी? मग मागच्या वर्षी ती कुठे गेली होती?"

आजीने कागदाची घडी घातली.

"इथेच होती," ती म्हणाली. "चल. आठव्यावर चौकी आहे. आधी तिथे जाऊ."

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. राखणदार टेबलावर नकाशा पसरून बसला होता. बारा वर्षांचा असताना त्याने पहिली दुर्बीण घेतली ती आजीच्या हातून, आणि डोळ्याला लावली तीही उलटी. दोघींना बघून तो उठला.

"एवढ्या लवकर? काय मावशी, पाय दुखले की भिंगरीबाईंनी संप केला?"

"बस आधी," आजी म्हणाली. "मागच्या तीन वर्षांचे माझे कागद काढ. सातव्या थांब्याची शून्यं खोटी आहेत."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून मधेच थांबला.

"पाखरू होतं. माझा कान गेला होता. तिथे 'नाही' असं लिहू नकोस, 'मोजणाऱ्याला ऐकू आलं नाही' असं लिही. आणि त्याआधीच्या एक-दोन वर्षांचंही काही खरं धरू नकोस." तिने आजचा कागद टेबलावर ठेवला. "पुढच्या वर्षापासून सातव्यावर दुसरं कुणीतरी बसव."

"मावशी, आमचं अख्खं ऑफिस तुमच्या कानावर चालतं..."

"तेच तर चुकलं. मी एक गाढव, आणि माझ्यावर विसंबलात ते तुम्ही सगळे..."

"समजलं, समजलं!" राखणदाराने हात जोडले. मग तो गंभीर झाला. "पण वर पोरीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मला स्वतः ऐकावं लागेल. इतकी वर्षं मी त्या बेटाजवळून रोज सायकलने जातो. सायकलच्या किरकिरीत ती किरकिर मला कशी कळणार! काखेत कळसा आणि गावाला वळसा." त्याने टोपी उचलली. "आत्ताच जाऊ. आभाळ आहे, अजून गात असेल. चालत जाऊ."

तिघं सातव्या दगडापाशी येऊन बसली. राखणदाराने घड्याळ लावलं, कागद गुडघ्यावर घेतला. आजीने नियम सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच गप्प झाला होता.

पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. आजीने पेन्सिल घेतलीच नव्हती. तिचे हात मांडीवर रिकामे पडले होते. ती बेटाकडे बघत नव्हती, राखणदाराच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडलं, आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिने पाहिलं नाही. नियम तिचाच होता.

तेवढ्यात भिंगरी सरकत सरकत तिच्याजवळ आली. आवाज नाही, शब्द नाही. तिने आजीचा हात उचलून आपल्या मांडीवर उताणा ठेवला. मनगटावर बोट टेकवलं आणि तळव्यावरून हळूहळू एक रेघ ओढायला लागली. रेघ बोटांच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. मग बोट एकदम थांबलं. आजीने श्वास रोखला. बोट पुन्हा चालायला लागलं, आणि जरा वेळाने भिंगरीने आजीचा दुसरा हातही ओढून घेतला आणि तिथे दुसऱ्या फिरकीची रेघ सुरू केली.