अकरा नंबरचं दार

रोझलिनचं पत्र आलं तेव्हा तिच्या वडिलांना पुरून पंधरवडाही झाला नव्हता. अर्ध्या पानाचं पत्र, अक्षर रागाने दाबलेलं. "मिस्टर ट्रेझाइज, तुम्ही त्या घराच्या समोरच राहता. अकरा नंबरात कोण राहतं? आईला विचारलं तर ती नुसते ओठ आवळून बसते. मला एक नाव सांगा. बाकीचं मी बघून घेते."

लिंडसे ट्रेझाइजने उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात काढला होता. कुठली गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडेल हे सांगण्यातच त्याचं आयुष्य गेलं. पण या प्रश्नाला त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. तो कागद घेऊन बसे, "प्रिय रोझलिन" लिही आणि तिथेच अडे. नाव त्याला ठाऊक नव्हतं. गल्लीत कुणालाच नव्हतं. नुसता अंदाज कळवावा, तर बाप गेलेल्या पोरीच्या हातात अंदाज देणं म्हणजे काडेपेटी देण्यासारखंच. तसाही तो दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी आधी कच्चा मसुदा करणारा माणूस. पत्र टेबलाच्या खणात गेलं. मग उशीर झाल्याची लाज त्यावर चढली, आणि लाजेवर वर्षं चढत गेली. सहा वर्षं.

ॲडलेडच्या त्या उपनगरातली सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी. तांबड्या विटा, कौलं, पुढे चार पायऱ्या. अकरा नंबरही तसंच. हिरवं दार, दारावर पितळेची कडी, खिडक्यांवर पांढरी शटरं. फक्त ती शटरं कधी वर जात नसत. एकदा माल पोचवणारा ट्रक मागे घेताना त्या भिंतीवर आदळला. ट्रकचं बूड चेपलं, भिंतीवर ओरखडाही नाही. अकरा नंबरच्या पलीकडच्या घरातल्या टासोने मग एक दिवस धीर करून शटरच्या फटीतून लाकडी पट्टी आत सरकवली आणि धावत येऊन लिंडसेला सांगितलं, "पंडित, आत काच नाही रे! नुसतं काँक्रीट! किल्ला आहे तो, किल्ला!"

तेव्हापासून गल्लीत अंदाजांचं पीक आलं. कुणी म्हणे सरकारी हेर राहतात. कुणी म्हणे साक्ष देऊन लपलेला एखादा गुंड. टासोचं मत ठाम होतं, की अणुबॉम्बला घाबरणारा एक श्रीमंत दंतवैद्य तिथे डबाबंद पीच खाऊन जगतो. तरीही दर शनिवारी टासो स्वतःच्या दारासमोरची हिरवळ कापून झाली की यंत्र तसंच पुढे ढकलत अकरा नंबरसमोरचीही कापत असे. शेजारच्याचं गवत वाढू देणं त्याच्या लेखी पाप होतं, मग तो शेजारी गुंड का असेना.

इतके अंदाज झाले, पण प्रत्येक अंदाजात आत एक माणूस होता. दार होतं ना.

रोझलिनची आई, ग्वेंडा नोस्के, अकरा नंबरला लागून राहायची. तो दिवस सहा वर्षांमागच्या जानेवारीतला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातला, उत्तरेकडून वाळवंटाचा तापलेला वारा सुटलेला. अशा दिवशी इथे कुणी खिडकी उघडी ठेवत नाही. सगळी शटरं खाली, आत काळोख, एसी चालू; भर दुपारी गल्ली किल्ल्यांची होते आणि अकरा नंबर चारचौघांसारखं दिसतं. त्यातच सगळ्या गल्लीची वीज गेली. जो तो गाडी काढून मॉलच्या गारव्याला पळाला. लिंडसे वाचनालयात गेला, टासो मुलीकडे. ग्वेंडाचा नवरा क्लॅरी मात्र पक्ष्यांसाठी पाण्याचं घमेलं ठेवायला अंगणात गेला आणि तिथेच आडवा झाला. घरातला फोन विजेवरचा, तो मुका. ग्वेंडा धावत रस्त्यावर आली. सगळी घरं गपगार, आणि अकरा नंबरमधून तेवढी घरघर ऐकू येत होती. तिला वाटलं, यांच्याकडे जनरेटर आहे, एसी चालू आहे, माणसं घरात आहेत. तिने कडी वाजवली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं, हाका मारल्या. दार काही उघडलं नाही. शेवटी टपालवाला मोटरसायकलवरून आला, त्याने अँब्युलन्स बोलावली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं.

त्या दिवसापासून ग्वेंडाने त्या दाराकडे मान वळवून पाहिलं नाही. गारव्यात बसून आपल्या हाका ऐकणारी कोणी माणसं तिथे राहतात, एवढं तिने मनात पक्कं धरलं आणि त्यांना शिव्याशाप देत ती दिवस काढू लागली. अगदी सुकली. लिंडसेला तिची ती आवळलेली जिवणी रोज खिडकीतून दिसे आणि खणातलं पत्र आठवे.

या मार्चमध्ये सगळ्यांच्या पेटीत एक रंगीत पत्रक पडलं. वीज पुरवणाऱ्या कंपनीकडून, अकरा नंबरच्या "नूतनीकरणा"बद्दल. हिरवळीवर बोल्स खेळणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये बैठक होती. पावात सॉसेज आणि चहा मोफत. टासो म्हणाला, "सॉसेज फुकट म्हणजे काहीतरी गिळायला लावणार हे लोक."

टॅमसिन नावाची एक हसतमुख तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होती. नवी शटरं. नवं दार, तसंच हिरवं. ओसरीवर एक बाक. आणि खिडकीत संध्याकाळी आपोआप लागणारा पिवळा दिवा.

"आमच्या सुविधेला यामुळे छान घरपण येईल," ती म्हणाली.

मागच्या रांगेतून ग्वेंडा उठली. "सुविधा म्हणजे? तिथे राहतं कोण?"

"कोणीच नाही, मिसेस..."

"नोस्के. आत्ता नाही, का कधीच नाही?"

"कधीच नाही. आत ट्रान्सफॉर्मर आहेत, खाली केबली. भिंती जाड, कारण आत काही फुटलं तर तुम्हाला इजा होऊ नये, आणि बाहेरून कोणी घुसू नये. वस्तीची शोभा जाऊ नये म्हणून तेव्हा घराचा आकार दिला."

"त्या दिवशी आमची वीज गेली होती. तिथे घरघर चालू होती."

"हो, मुख्य लाइन चालूच असते. भार वाढला की काही गल्ल्या थोडा वेळ बंद कराव्या लागतात."

ग्वेंडा खाली बसली. हॉलमध्ये कुणी पाव चावत होतं, तेही थांबलं.

"म्हणजे मी सहा वर्षं तळतळाट दिला," ती हळूच म्हणाली, "तो कोणालाच नाही?"

"आणि मी गवत कापलं ते?" टासो खुर्ची सरकवून उभाच राहिला. "बाई, वीस वर्षं मी तुमच्या ट्रान्सफॉर्मरची हजामत करतोय! एकदा तरी जरा मोठ्याने घरघरून थँक्यू म्हणायचं!"

लोक हसले. टॅमसिनही हसली, आणि त्या हसण्याने लिंडसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चारचौघांत कधी बोलला नव्हता. शाळेच्या निरोप समारंभातही त्याने भाषण खिशात ठेवून नुसते हात जोडले होते. आता तो पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"दार काढा," तो म्हणाला.

"सर, दार हा रस्त्याच्या एकंदर रूपाचा भाग..."

"दार दिसलं की माणूस ते वाजवतो, बाई. तुम्ही तर त्याला वाजवायला कडी लावलीय! आणि आता बाक? म्हणजे वाजवून दमला की बसायला? वर दिवा, म्हणजे आत कोणीतरी आहे अशी खात्रीच पटावी! या बाईंनी ते दार बडवलं आणि यांच्या नवऱ्याचा अंगणात जीव गेला. तुम्ही त्याला घरपण म्हणता?"

"तुमची सूचना मी नोंदवून घेते, सर."

सूचना नोंदवली गेली. पंधरवड्याने कामगार आले, जुनं दार उचकटलं आणि जागेवर नवं बसवून गेले. तसंच हिरवं. कडीही नवीन, घासूनपुसून चकचकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडसे पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन रस्ता ओलांडून गेला. ओसरीवर उभं राहिल्यावर त्याला वाटलं, आपण हा काय पोरकटपणा मांडलाय? अक्षरं वाकडी आली तर? आपल्याला अटक झाली तर टासो जन्मभर हसेल. तेवढ्यात मागून आवाज आला.

"लिंडसे, काय करतोयस रे?" निळी टोपी घातलेली ग्वेंडा कुंपणापाशी उभी होती. गेल्या काही दिवसांत तिच्या तोंडावर जरा टवटवी आली होती.

"लिहितोय, 'इथे कोणी राहत नाही, मदत हवी तर समोर या.'"

"मग थांब, डबा मी धरते. नाहीतर सगळा पायावर सांडून घेशील. क्लॅरीही असाच होता, दोन हातांचा आणि दोन्ही डावे."

ती त्या ओसरीवर चढली. सहा वर्षांनी. लिंडसेने ब्रश बुडवला आणि पहिला "इ" काढला. दुसरं अक्षर पुरं व्हायच्या आत वरून खणखणीत आवाज आला.

"दारापाशी असलेल्या व्यक्तींनी मागे व्हावं. ही खासगी मालमत्ता आहे. तुमचं चित्रण होत आहे."

लिंडसेच्या हातून ब्रश गळला. ग्वेंडाने मान वर केली. वळचणीखाली, गांधीलमाशीच्या घरट्याएवढा एक काळा गोळा होता. बारीकशी जाळी, धुळीने माखलेली. नवं दार बसलं होतं, पण हा गोळा काही नवा नव्हता.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"सुरक्षा कक्ष, मॅडम." पोरसवदा आवाज होता.

"कुठे आहेस तू?"

"मेलबर्नला."

"आणि मी तुला दिसते?"

"हो मॅडम. निळी टोपी. कृपया मागे व्हा."

ग्वेंडा मागे झाली नाही. तिने डबा खाली ठेवला. "हे यंत्र इथे कधीपासून आहे रे?"

"ती माहिती मला देता येत नाही."

"सहा वर्षांमागे, जानेवारीत, भर उन्हात मी हे दार बडवत होते. अंगात घरातला झगा, पायात काही नाही. ओरडत होते. तेव्हा मी दिसले असेन का कुणाला?"

"मॅडम, मी मागच्या वर्षी लागलो."

"तू नाही रे बाळा. तुझ्या खुर्चीवर जो असेल तो."

मग तोच आवाज, पण आता वाचून दाखवल्यासारखा: "दारापाशी असलेल्या व्यक्तींनी मागे व्हावं."

लिंडसे वाकला, ब्रश उचलला. दाराला एक अक्षर काय लागलं, तर पलीकडच्या राज्यातून माणूस धावून आला. आणि या बाईने तळहात सोलून निघेपर्यंत बडवलं तेव्हा? दाराला काही झालं नव्हतं म्हणून? वरून आवाज तीच दोन वाक्यं घोकत राहिला आणि त्याने सगळी ओळ पुरी केली, खाली स्वतःचा घर नंबर मोठा काढला. अक्षरं वाकडी आली. येऊ देत.

ग्वेंडाच्या स्वयंपाकघरात त्यांनी चहा घेतला. ती कपाकडे बघत म्हणाली, "बैठकीपासून बरं वाटत होतं रे. आत कोणीच नव्हतं म्हटल्यावर झोप लागायला लागली होती. मेलं ते, आता परत कोणीतरी आहे."

"कदाचित तेव्हा यंत्र नसेलही," लिंडसे म्हणाला.

"कदाचित. आणि असेलही."

मग त्याने खणातल्या पत्राची गोष्ट सांगितली. सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

"सहा वर्षं उत्तर नाही? अरे गाढवा! ती मला दर फोनवर विचारायची, तो समोरचा म्हातारा जिवंत आहे ना म्हणून. मला वाटायचं, पोरीला तुझी काळजी!"

"आता काय लिहू तिला? 'तिथे कोणी राहत नव्हतं' एवढंच लिहिलं तरी ते खरंच आहे. तिला शांत वाटेल. तुलाही."

ग्वेंडाने खिडकीतून अकरा नंबरकडे पाहिलं. मान वळवून, सरळ.

"तिने शांतता मागितली होती?"

"नाही. नाव मागितलं होतं."

"मग शांत करू नकोस तिला. ती आता वकिलाच्या कचेरीत काम करते, डार्विन शहरात. तिचा बाप होता तो."

घरी येऊन लिंडसेने कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कच्चा मसुदा न करता लिहिलं.

"प्रिय रोझलिन, अकरा नंबरात कोणी राहत नाही, कधी राहिलंही नाही. ते विजेचं यंत्रघर आहे, घराचं सोंग घेतलेलं. दार खोटं आहे. पण दारावर डोळा आहे, आणि तो आज आमच्याशी बोलला. तो डोळा त्या जानेवारीतही उघडा होता का, आणि असेल तर त्यामागे कोण बसलं होतं, हे कंपनीला विचार. लेखी विचार. त्या दिवशीचं चित्रण माग. ते सांगणार नाहीत, तरी विचारत राहा. मी आज जे ऐकलं ते कुठेही उभं राहून सांगेन. मला लोकांसमोर घाम फुटतो, पण सांगेन. नाव मला अजून ठाऊक नाही. हे पत्र तुला तेव्हाच मिळायला हवं होतं. लिंडसे ट्रेझाइज."

पुन्हा वाचायचं नाही असं ठरवून त्याने पाकीट बंद केलं. वाचलं असतं तर एखादा शब्द खोडला असता, मग दुसरा, मग पाकीट खणात गेलं असतं. बाहेर ऊन होतं. टासो आपल्या दारातली हिरवळ कापत होता आणि अकरा नंबरच्या सीमेशी येऊन त्याने यंत्र बंद केलं.

"काय पंडित, रंगारी झालास म्हणे! पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही हां," तो ओरडला. "निघालास कुठे?"

"टपालपेटीशी."

"बिल पाठवतोयस काय त्यांना? माझ्या गवताचंही टाक त्यात!"

लिंडसे थांबला नाही. कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी गेला, पाकीट फटीत घातलं, क्षणभर टोक धरून राहिला आणि सोडून दिलं.