नापपट्टीला कुंकू लागले

मित्रांनो, तुमच्या पायाचा नंबर किती? थांबा, सांगू नका. तुम्ही सांगाल तो खरा असेलच असे नाही, आणि खोटे नंबर ऐकून माझे आयुष्य गेले आहे. मी एक जुनी नापपट्टी आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ती नव्हे. मी पाय मोजते. एक लांबट पत्र्याचा पाट, मागे टाच बसवायला वाटी, पुढे अंगठ्याला टेकणारा सरकता दांडा आणि बाजूला रुंदी पाहणारा दुसरा, छोटा दांडा. अंगभर आकडे. एवढीच मी.

माझा जन्म कानपूरचा. तिथून बनारसला, गोदौलियाजवळच्या एका बुटांच्या दुकानात आले आणि तीस वर्षे तिथेच होते. त्या तीस वर्षांत माणसांची एक यादी माझ्या मनात तयार झाली. दहांतल्या सहा बायका बोटे हळूच आत ओढून घेत. दहांतले चार पुरुष टाच वाटीपासून बोटभर पुढे ठेवत, म्हणजे पाय मोठा दिसेल. नवरदेवाला चिमटणारा बूट नेहमीच "एकदम आरामात" बसे. शाळेच्या मुलांच्या आया माझ्याकडे बघून मान डोलवत आणि मग दोन नंबर मोठाच बूट घेत, पुढे कापूस कोंबायला. मी काही बोलत नसे. मला तोंड नाही. मला फक्त दांडा आहे, आणि तो कोणी सरकवला तरच सरकतो.

मग ते दुकान बंद झाले. तिथे मोबाइल विकायला लागले. मी दोन वर्षे चहाच्या पेल्यांखाली होते. माझ्या टाचेच्या वाटीत कोणी सुपारीची टरफले टाकी. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तिथून मला उचलले वासुदेवकाकांनी. मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि गंगेच्या पुलापलीकडे रामनगरात सायकलींचे दुकान काढलेले. दुधाच्या, शाळेच्या सायकली होत्याच, पण हल्ली विंध्याच्या डोंगरात कच्च्या, खडीच्या रस्त्यांवरून सायकली पळवणारी तरुण मंडळी यायला लागली होती. त्यांचे बूट वेगळे असतात. तळ कडक असतो, म्हणजे पायाचा जोर वाकण्यात वाया न जाता सगळा पेडलला मिळतो. त्या तळाला एक लोखंडी खिटी असते. ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेर झटकली की सुटते. डोंगरात सायकल खांद्यावर घेऊन चढावेही लागते, म्हणून तळाला दातेही असतात. असा बूट सैल असला तर चढावर टाच सुटते. घट्ट असला तर बोटे मरतात, आणि मेलेल्या बोटांच्या पायाला टाच झटकायची आठवण राहत नाही.

हे शेवटचे वाक्य विसरू नका. माझी सगळी काळजी त्यातच आहे.

भोसले घाटाजवळ राहणारी देवश्री गेल्या वर्षी असेच मैत्रिणीचे घट्ट बूट घालून डोंगरातल्या साठ किलोमीटरच्या फेरीला गेली होती. वय सत्तावीस, बँकेत नोकरी, आणि रविवार उजाडला की सायकल. एका दगडी उतारावर तिचे पाय बधिर झाले. थांबायची वेळ आली तेव्हा पाय पेडलमधून निघाला नाही, आणि ती सायकलसकट दगडांत पडली. गळ्याजवळचे हाड मोडले. सहा आठवडे हात झोळीत. तिला आई नाही. वडील विष्णुगुरुजी, घाटावर पूजा सांगणारे. त्यांनी सहा आठवडे तिला स्वतःच्या हाताने भरवले, वेणी घातली (ती कशी घातली ते संपदाकाकू अजून नक्कल करून दाखवतात), आणि मग सांगितले, "आता बूट मी बघून घेईन. आणि पुन्हा पडलीस तर सायकल रामनगरातच ठेवायची. पुलाच्या अलीकडे आणायची नाही."

संपदाकाकू म्हणजे वासुदेवकाकांच्या पत्नी. खंडेनवमीला त्यांनी दुकानातली सगळी हत्यारे पुसून मांडली. पाना, पंप, चेन तोडायचा चिमटा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी. मला हळद लागली, कुंकू लागले, अक्षता पडल्या, टाचेच्या वाटीत झेंडूचे फूल बसले. सुपारीच्या टरफलांनंतर हे! मी किती फुगले असेन ते तुम्हीच समजा. फुगायला नको होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी नवालाच विष्णुगुरुजी आणि देवश्री दारात. संध्याकाळी रामलीलेच्या गर्दीत रामनगरात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर.

"या गुरुजी, बसा. आधी नाप घेऊ," वासुदेवकाका म्हणाले आणि मला उचलून खाली ठेवायला वाकले.

"थांब, थांब. वासुदेव, हे काय?" गुरुजींनी माझ्यावरचे कुंकू पाहिले. "काल पूजा केलीस ना याची?"

"हो. हिनेच केली."

"आणि आज त्याच्यावर पाय? ठेव वर. वर ठेव." आणि त्यांनी मला हात लावून तो हात कपाळाला नेला.

"आप्पा, अहो, त्याचं कामच ते आहे," देवश्री म्हणाली.

"काम उद्यापासून. आज दसरा आहे. कागद नाही का रे तुझ्याकडे? पायाभोवती पेन्सिल फिरवली की झालं. आमच्या लहानपणी चांभार तसंच घ्यायचा."

वासुदेवकाकांची मुंज गुरुजींच्याच घराण्यातल्या कोणीतरी लावली होती. ते वाद कुठून घालणार? त्यांनी मला फळीवर ठेवले, तोंड खोलीकडे करून. मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते मी सगळे पाहिले, आणि माझा दांडा जागचा हलला नाही.

देवश्री स्टुलावर बसली. बसलेला पाय उभ्या पायापेक्षा आखूड असतो, कारण अंगाचा भार त्याच्यावर नसतो. चार मिलिमीटर गेले. गुरुजींनी पेन्सिल स्वतः घेतली आणि ती पायाच्या आत कलती धरून फिरवली. आणखी तीन गेले. शुभ कामात उजवा पाय आधी, म्हणून उजवाच काढला आणि तेवढ्यावर समाधान मानले. डावा थोडा मोठा होता. दोन. आणि सकाळची वेळ. पाय दिवसभर वापरून संध्याकाळी थोडा फुगतो, बूट खरे तर तेव्हाच बघावेत. एक. एकूण दहा मिलिमीटर, म्हणजे दीड नंबर. रुंदीचा तर कोणी विचारच केला नाही. जन्मापासून घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी चढउतार केलेल्या त्या पायाची बोटे पंख्यासारखी पसरली होती.

"साडेअडतीस," वासुदेवकाका कागद मोजून म्हणाले आणि निळे, सुंदर, निमुळते बूट पुढे केले.

देवश्रीने ते घातले. उभी राहिली. स्टुलाची कड तिने हाताने गच्च धरली ते फक्त मला दिसले.

"कसे आहेत ग?" गुरुजींनी विचारले. त्यांच्या आवाजात गेल्या वर्षीचे सगळे होते.

ती घट्ट म्हणाली असती तर त्यांनी सायकलच नको म्हटले असते. तिला ते माहीत होते. मला ते माहीत होते.

"छान आहेत आप्पा. एकदम आरामात."

तीस वर्षे मी हे वाक्य नवरदेवांकडून ऐकले होते आणि हसले होते. त्या दिवशी हसू आले नाही.

फेरी नऊ दिवसांवर होती. पहिले चार दिवस मी फळीवर बसून मोजत राहिले. माझ्यावरचे कुंकू सुकले, झेंडू काळा पडला. पुसायला कोणी धजेना. पूजेचे ते, आपोआप गळू दे, असे वासुदेवकाका म्हणत. पाचव्या दिवशी संध्याकाळी देवश्री आली. सायकल भिंतीला टेकवताना ती एका पायावर उभी राहिली.

"काका, बोटं सुन्न पडतात. वीस किलोमीटर झाले की कळतच नाही पाय आहे की नाही. आज पुलावर थांबायचं होतं, तर..." तिचे कोपर खरवडलेले होते.

"पडलीस?"

"गिरी नहीं. म्हणजे, जरा टेकले. आप्पांना बोलू नका, प्लीज."

"कोणाला बोलू नका?" दारातून आवाज आला. गुरुजी मागच्या ऑटोने आले होते. मुलगी चार दिवस भिंतीला धरून जिना उतरते, हे त्यांना दिसत नव्हते असे तिला वाटत होते. बिचारी.

 मग गुरुजी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "संपलं. सायकल इथेच ठेव."

"आप्पा, बूट छोटे आहेत, मी नाही! नाप चुकलं. तुम्ही नाप घेऊच दिलं नाही."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे?"

एवढ्यात चहा घेऊन संपदाकाकू आतून आल्या. त्यांनी एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे आणि एकदा फळीवर माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, एक विचारू? रागावू नका. अष्टमीला तुम्ही माझ्या नातीचे पाय धुतलेत, कुमारिका म्हणून. ते कशात धुतलेत?"

"परातीत. तांब्याच्या."

"ती परात देवघरातलीच?"

"मग काय स्वयंपाकघरातली आणणार?"

"तिला कुंकू लावलेलं नसतं?"

"लावलेलं असतं, पण तिथे पूजा पायांची असते. परात..." गुरुजी मधेच थांबले.

"हां. परातीचं काय म्हणत होता?"

गुरुजींचा चहा तसाच राहिला. मग ते उठले, मला फळीवरून खाली घेतले, धोतराच्या सोग्याने माझ्यावरचे कुंकू पुसले आणि काळा झेंडू काढून खिशात ठेवला. मला जमिनीवर ठेवून माझ्यापुढे उकिडवे बसले.

"ये. कसा ठेवायचा पाय?"

"उभ्याने," वासुदेवकाका म्हणाले. "दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. सायकलीवर घालतेस तेच मोजे घाल. टाच वाटीत टेकव."

देवश्रीने मला नमस्कार केला आणि पाय ठेवला. टाच नीट बसावी म्हणून गुरुजींनी ती दोन्ही हातांनी वाटीत दाबून धरली. मग दांडा सरकला. मित्रांनो, दोन वर्षे चहाचे पेले, मग खंडेनवमीच्या हळदकुंकवाचा मान, या सगळ्यानंतर दांडा सरकताना मला काय वाटले ते सांगण्यात वेळ घालवत नाही. उजवा चाळीसला जरा कमी. डावा चाळीस. रुंदीचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत गेला.

"चाळीस," गुरुजींनी स्वतः वाचले. "आणि मी साडेअडतीस काढला."

"मोठ्या पायाचं माप धरायचं, आणि पुढे बोटांना हलायला जरा जागा," वासुदेवकाका कपाटात डोके घालून बोलत होते. "रुंद पायाचा एकच जोड आहे. दिसायला... म्हणजे बघ बाबा तू."

तो जोड पुरुषी होता आणि त्याचा रंग ओल्या भोपळ्यासारखा होता. देवश्रीने तो घालून खोलीत चालून पाहिले, पायरीवर चवड्यांवर उभी राहून टाच सुटते का पाहिले, मग वाकून पाहिले.

"आप्पा, फार वाईट दिसतात."

"दिसू दे. खरं सांग. आरामात आहेत?"

 तिने आतल्या आत बोटे हलवली. गुरुजींनी बुटाच्या टोकावर अंगठा ठेवला, आणि खालून ती बोटे त्यांना जाणवली.

"आहेत," ती म्हणाली. या वेळी तिने स्टूल धरला नव्हता.

फेरीच्या रविवारी गुरुजी सकाळची पूजा आटोपून थेट दुकानात येऊन बसले. घरी बसवेना. फोन मांडीवर, डोळे फोनवर. वासुदेवकाका पंक्चर काढत होते आणि दर दहा मिनिटांनी "येईल, येईल" म्हणत होते. अकरा वाजून गेले. साडेअकरा. नव्या बुटांना फक्त चार दिवस मिळाले होते, हा हिशेब माझ्याकडेही होता आणि त्यांच्याकडेही. पावणेबाराला फोन वाजला.

"आप्पा, त्याच उताराच्या डोक्यावर आहे. पाणी प्यायला थांबलेय. सगळे पुढे चाललेत." मागून वारा ऐकू येत होता. "भीती वाटतेय."

गुरुजींनी डोळे मिटले. हाड मोडलेली मुलगी त्यांना पुन्हा दिसली असणार. सायकल हातात धरून चालत ये, असे म्हणायचे होते. ओठांपर्यंत आले होते. मी पाहिले.

"बोटं हलतात का?" त्यांनी विचारले.

 "दहाच्या दहा."

"मग उतर."

त्यानंतरचा अर्धा तास मी मोजला नाही. माझ्यावरचे आकडे त्या कामाचे नाहीत. फोन पुन्हा वाजला तेव्हा पलीकडून आधी फक्त हसणे आले. गुरुजींनी फोन वासुदेवकाकांकडे दिला आणि उठून माझ्याकडे आले. मला हात लावून कपाळाला नेला आणि मग आपला अनवाणी, भेगाळलेला पाय माझ्यावर ठेवला. उभ्याने.

"बघ रे वासुदेव, माझं काय येतं?"

रुंदीचा दांडा शेवटपर्यंत सरकला आणि अडला. माझे आकडे संपले, त्यांचा पाय संपला नाही.

मित्रांनो, मला कुंकू लावलेत तर मला आनंदच आहे, नाही म्हणून खोटे कशाला सांगू? पण वस्तूचा मान तिला फळीवर ठेवून होत नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने मला पुसा आणि खाली ठेवा. संध्याकाळी या. मोजे घालून या. आपला नंबर मला सांगू नका, आणि कोणी प्रेमाने विचारले म्हणून "आरामात आहेत" असेही म्हणू नका. उभे राहा, आणि पाय ठेवा. आधी उजवा ठेवा हवा तर.

पण डावाही ठेवा.