शेवटचं पांढरं फडकं

माझ्या नाकावर दोन गोष्टी कायम असतात, चष्मा आणि राग, असं दादा गिऱ्हाइकांना सांगतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बंदूक दुरुस्तीचं दुकान बाबांनी सुरू केलं. आता पुढचं काउंटर तो बघतो आणि मागची खोली मी. गोड बोलायचं काम त्याचं, हात काळे करायचं माझं. या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही.

सोमवारी सकाळी त्याने माझ्या कामाच्या टेबलावर एकबारी काकांची बंदूक आणून ठेवली. उद्या चौकशी आहे, वनखात्याच्या साहेबांनी बंदूक साफ करून मागवली आहे, दुपारपर्यंत उरकून टाक, असं म्हणाला आणि शीळ घालत बाहेर गेला.

एकबारी काका वनखात्यात रक्षक आहेत. एखादं जनावर गाडीखाली सापडून रस्त्याकडेला तडफडत पडलं की त्याची सुटका करायला त्यांना बोलावतात. तीस वर्षांत त्यांना दुसरा बार कधी लागला नव्हता, म्हणून हे नाव. महिन्यापूर्वी ट्रकने उडवलेल्या एका रानडुकरावर त्यांनी चाळीस पावलांवरून दोन बार टाकले आणि दोन्ही वीतभर चुकले. डुक्कर उठलं आणि खात्याच्या ड्रायव्हरची मांडी फाडून गेलं. खात्याने ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचे डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरने नजर ठीक आहे असं लिहून दिलं होतं, पण ते कोण वाचतो? उद्या बंदुकीची चाचणी व्हायची होती. तिच्यात दोष निघाला नाही की काकांच्या हातातली बंदूक जाणार आणि त्यांना फाटकावर खुर्ची टाकून बसवणार.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मी नळी सुटी केली आणि दिव्यासमोर धरली. छऱ्याच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. ही वेगळी. हिच्यातून शिशाची एकच मोठी गोळी जाते, म्हणून आत पीळ दिलेल्या आठ खाचा असतात. खाचांमुळे गोळी गिरकी घेते आणि गिरकीमुळे सरळ जाते. मला तीनच खाचा धड दिसल्या. बाकीच्या करड्या लेपाखाली बुजल्या होत्या, न घासलेल्या किटलीच्या तळासारख्या. गोळीमागून गोळी जात राहिली, दर गोळीने थोडं शिसं मागे ठेवलं आणि ते कोणी काढलंच नाही. अशा नळीतून गोळी भरकटणार नाही तर काय होईल?

आणि ही नळी मी साफ करायची. साफ झाली की उद्या ती सुतासारखी सरळ मारणार, मग दोष उरला कुणाचा? काकांच्या डोळ्यांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर आम्ही वळून द्यायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दादाला आत बोलावलं आणि नळी त्याच्या डोळ्याला लावली. त्याला दिसलं. तो काही आंधळा नाही. त्याने आधी दार लोटून घेतलं, मग समजुतीच्या सुरात सांगायला लागला की वनखात्याच्या सगळ्या बंदुका आपल्याकडे येतात, ते काम गेलं तर दुकानाला कुलूप लागेल, आणि काकांचं तरी काय वाईट होणार आहे, सावलीत बसायचं, पगार तोच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला खात्री होती की हे त्याचंच काम. मी रजेवर असले की तो मागच्या खोलीत येऊन नळीतून दोनदा गज फिरवतो आणि झालं म्हणतो. पुरावा कपाटात होता. बाबांची पद्धतच तशी होती. बंदूक साफ झाली की नळीतून निघालेलं शेवटचं फडकं, जे पांढरं निघतं, ते कार्डाला टाचायचं आणि खाली सही करायची. गिऱ्हाईक ते पांढरं फडकं बघतं आणि निश्चिंत होतं. मी काकांच्या बंदुकीची मागची तीन कार्डं काढली, दादाच्या तोंडावर फेकायला.

तिन्ही फडकी पांढरी होती. तिन्ही सह्या माझ्या होत्या.

दादाने कार्डं उलटसुलट करून बघितली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

तारखा बघितल्या आणि सगळं आठवलं. वनखात्याच्या सहामाही तपासणीच्या आदल्या दिवशी दादा चौदा बंदुका कबूल करून यायचा, मी त्याच्याशी भांडायचे आणि त्याच तणतणीत काम उपसायचे. काजळी काढायचं औषध घातलं, ब्रश मारला, काजळी निघाली, फडकं पांढरं आलं, सही ठोकली, पुढची घे. शिसं असं निघत नाही. त्याच्यावरून फडकं पांढरंच येतं, वर तेल लागलं की ते पोलादासारखं चमकतं. त्याला ब्रशवर तांब्याची जाळी घट्ट गुंडाळून ताकदीने काढावं लागतं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते. वर ऐटीत म्हणते की पांढऱ्या फडक्यावर विश्वास ठेवाल तर घरी जाल.

मी नळी होती तशी कापडात गुंडाळली. दादा म्हणाला की तू दुकान बुडवणार. मी म्हटलं, बुडू दे.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसमागच्या नेमबाजीच्या पट्ट्यावर सगळे जमले. काका इस्त्रीचा गणवेश घालून आले होते. काकूंनी त्यांचं कोपर धरलं होतं आणि प्रत्येक पायरी त्या सांगत होत्या. मी साहेबांना म्हटलं की बंदूक साफ केलेली नाही, मुद्दाम केलेली नाही, आधी तुमच्या सगळ्यात चांगल्या नेमबाजाला अशीच झाडू द्या. साहेबांना ते आवडलं नाही, पण लोक बघत होते.

नेमबाजाने बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच बार टाकले. कागदावर पाच भोकं पाच दिशांना होती. एक तर लांबट होतं, गोळी आडवी होऊन शिरली होती. तो गडी स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

मग मी नळी शिकंज्यात धरली, औषध भरलं आणि अर्धा तास थांबले. ब्रशवर तांब्याची जाळी गुंडाळली आणि मागच्या बाजूने रेटायला लागले. तिसऱ्या रेट्याला शिसं सुटलं. करड्या चिपा, काही बोटभर लांब, मी पांढऱ्या कागदावर मांडत गेले. साहेबांनी चिपा पाकिटात भरून घेतल्या. त्याच नेमबाजाने त्याच बंदुकीतून पुन्हा पाच बार टाकले. पाचही बशीखाली झाकले जातील इतके जवळ पडले.

साहेबांनी विचारलं की ही बंदूक शेवटची साफ कोणी केली होती. दादा बुटांकडे बघत होता. मी तिन्ही कार्डं टेबलावर ठेवली.

"सह्या माझ्या आहेत," मी म्हणाले. "फडकी पांढरी आहेत आणि नळी घाण होती. दोन्ही खरं आहे."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की काका आता माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. एवढं सगळ्यांसमोर कबूल केलं, स्वतःचं दुकान पणाला लावलं. काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी नळी मागितली, डोळ्याला लावली, आभाळाकडे धरली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. सावकाश, आठपर्यंत. मग नळी टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

"महिनाभर मी डोळ्यांत थेंब घालतोय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ही मला हाताला धरून जिना उतरवते. ड्रायव्हरच्या मुलीने मला विचारलं, काका, तुम्हाला दिसत नव्हतं का? मी तिला हो म्हणालो. मला खरंच वाटलं होतं की दिसत नव्हतं."

दादा पुढे होऊन त्याच्या गोड आवाजात काहीतरी सुरू करणार होता. काकांनी हातानेच त्याला गप्प केलं.

"त्या मुलीला आता तू सांग," ते मला म्हणाले. "कार्डं घेऊन जा."

काकूंनी सवयीने त्यांचं कोपर धरायला हात पुढे केला. काका पायऱ्या एकटे उतरले.

मी साहेबांकडून कार्डं मागून घेतली आणि ड्रायव्हरच्या घराचा पत्ता विचारला. गाडी दादाने चालवली. वाटेत तो दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला आणि मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं.