माझी न कोरलेली रेघ

मी एक पट बोलतोय. बुद्धिबळाचा नव्हे, त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे राजा नाही, वजीर नाही, अडीच घरं उडणारा घोडाही नाही. एकात एक असे तीन चौकोन, आणि चारी बाजूंच्या मधोमध त्यांना जोडणारी एकेक रेघ. खेळणाऱ्या दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. त्या आळीपाळीने मांडायच्या, मग रेघेवरून सरकवायच्या. आपल्या तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरतील तो हरला. संपलं! कपातला चहा निवेपर्यंत मी शिकून होतो. पण मला पुरता ओळखला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझा जन्म सुतारकामाच्या कारखान्यातला. एका मोठ्या दाराची फळी कापून तुकडा उरला, तो मिस्त्रींनी बाजूला ठेवला. मिस्त्री म्हणजे माझे धनी. गुण्या लावून त्यांनी रेघा आखल्या, पटाशीने कोरायला घेतल्या आणि चौथ्या बाजूला येऊन थबकले. जोडणारी रेघ नेमकी लाकडातल्या गाठीवरून जात होती. तिथे पटाशी घातली असती तर ढलपाच निघाला असता. गाठ आधी बघायला हवी होती, ती बघितली नव्हती. पण चूक कबूल करतील तर ते मिस्त्री कसले!

"एक रेघ राहिली की हो," त्यांची बायको म्हणाली.

"राहिली नाही, ठेवली. तिथे भिंत आहे."

झालं, त्या घरात तोच नियम ठरला. त्या बाजूला एका चौकोनातून दुसऱ्यात जायचं नाही. मुलांपैकी कुणी विसरून सोंगटी तिकडे सरकवली की मिस्त्री ती उचलून परत जागेवर ठेवायचे, गाठीवर नखाने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "भिंत!"

त्या भिंतीमुळे मी किती खोल झालो म्हणून सांगू! तिच्या आडोशाला थोरली मुलगी असे सापळे रचायची की मिस्त्रींना रंधा खाली ठेवून डोकं खाजवावं लागायचं. धाकटा मुलगा टापटिपीचा. त्याने एकदा पेनाने ती रेघ पुरी केली. मिस्त्रींनी पॉलिशपेपरने ती घासून काढली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

पुढे मुलं मोठी झाली. आई गेली. थोरली नोकरीसाठी परगावी गेली, धाकट्याने कारखाना सांभाळला आणि मी फळीवर गेलो. माझ्यावर सरसाचा डबा बसला. त्याचा गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मग मिस्त्रींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चार महिने ते खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. हाक मारली तरी मान वळेना. त्यांना उचलणं, अंघोळ घालणं, भरवणं, सगळं धाकटाच करत होता. शेवटी त्याने बहिणीला बोलावून घेतलं.

"ताई, सोमवारी शुश्रूषा केंद्रात जागा मिळतेय. मी होकार देणार आहे."

"बाबांना न विचारता?"

"कुणाला विचारू? आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. डॉक्टरही खात्री देत नाहीत."

"आणि पोचत असेल तर?"

"तर दाखव मला. तुझ्या पाया पडेन."

थोरली उठली. कारखान्यात आली, सरसाचा डबा उचलून तिने मला पदराने पुसलं आणि मिस्त्रींसमोर स्टुलावर ठेवलं. काळ्या सोंगट्यांतली एक हरवली होती. तिच्या जागी तिने शर्टाचं बटण घेतलं.

तिने एक सोंगटी मांडली. बऱ्याच वेळाने मिस्त्रींचा डावा हात हलला. त्यांनीही एक मांडली. मग आणखी एक.

"हात नुसता चालतोय, ताई," धाकटा दारातून म्हणाला. "पुढे चमचे ठेवले तरी ते असेच उचलून ठेवतात."

 सोंगट्या मांडून झाल्या, सरकवणं सुरू झालं. थोरलीचे डोळे भरलेले. परगावी ती हा खेळ मोबाइलवर खेळायची, तिथे चारी रेघा असतात. त्या सवयीने तिने सोंगटी सरकवली, ती थेट गाठीवरून.

मिस्त्रींनी बघितलं. डाव्या हाताने ती सोंगटी उचलली, परत जागेवर ठेवली आणि माझ्या गाठीवर नखाने दोनदा टकटक केलं.

थोरलीने तोंडावर हात घेतला. धाकटा दारातून आत आला. "सरक जरा," म्हणत तिच्या जागी बसला आणि बोटाने तीच सोंगटी पुन्हा गाठीवरून ढकलली. मिस्त्रींनी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"लागलं ना, बाबा!" असं म्हणाला आणि तो माणूस लहान मुलासारखा रडला.

सोमवारी त्याने फोन करून जागा नाकारली. थोरलीने रजा वाढवली. आता रोज सकाळी डाव मांडला जातो आणि मिस्त्री बहुतेक वेळा जिंकतात. डॉक्टरांनाही त्यांनी हरवलंय, तेही दोनदा.

आज माझ्या कडा झिजल्या आहेत, डाग आहे, बटण आहे, आणि तरीही माझ्याइतका तोऱ्यात राहणारा पट तुम्हाला सापडायचा नाही. गुळगुळीत, चारी रेघांचे पट दुकानात ढीगभर मिळतात, पण त्यांच्यापैकी एकालाही हे जमलं नसतं. माझं मागणं एकच आहे. उद्या एखादा चांगल्या हाताचा कारागीर येऊन म्हणेल, ही रेघ कोरायची राहिलीय, कोरून देतो. त्याला माझ्या गाठीवर दोनदा टकटक करून सांगा, तिथे भिंत आहे.